टोल न भरता समुद्र दरवाज्यापर्यंत

२ फेब्रुवारी

ठरलं. जायचं. गाडीनेच.

सकाळी विमानरावाचा फोन. विमानराव म्हणजे हिचा भाऊ. हे नाव मी ठेवलंय, घरात कुणाला माहीत नाही. म्हणाला, आईला मी विमानाने नेऊन आणतो, तुम्ही कशाला दगदग करता. मी हिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, आईंना मी नेणार, शब्द दिला. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुकाने असावं.

नीट लिहून ठेवतो. सासूबाईंचा एक डोळा कधीच गेला. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन बारा तारखेला आहे. डॉक्टर म्हणाले, नाही केलं तर नजर जाणारच, केलं तर राहील अशी हमी देता येत नाही, तेव्हा काही बघायचं असेल तर आधी बघून घ्या. सासूबाईंना एकच गोष्ट बघायची आहे. खाली दक्षिणेला, समुद्रकाठी, तटबंदीचं जुनं शहर आहे. त्यांचं लहानपण तिथे गेलं. तटाला समुद्र दरवाजा नावाची दगडी कमान आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मावळता सूर्य बरोबर त्या कमानीत येतो आणि मागची अख्खी गल्ली उजळून निघते. काही मिनिटंच. आठ तारखेपर्यंत दिसतं म्हणाल्या. मग सूर्य बाजूला सरकतो, तो नोव्हेंबरातच परत येतो.

एवढंच. सूर्य रोज मावळतो, रस्ता आहे, गाडी आहे. यात विमानाचं काय काम?

संकल्प: टोल भरायचा नाही. गाईड करायचा नाही. बाहेरचं खायचं नाही. चिडायचं नाही.

४ फेब्रुवारी

गाडीची तयारी जवळजवळ पूर्ण. मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडून बॅटरी बदला म्हणून सांगितलं, रेडिएटरचा पाइपही बदला म्हणाला. या लोकांना सगळंच बदलायचं असतं. आल्यावर बघू म्हटलं. कुठे निघालात, म्हणाला. सांगितलं. त्याने हात पुसले आणि न मागता आपला मोबाइल नंबर दिला. माणूस जिव्हाळ्याचा आहे.

बाकी कामं स्वतः केली. एसी लावला की पेट्रोल जातं, म्हणून मागच्या सगळ्या काचांना काळी जाळी चिकटवली. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा वायझर, ऊन आलं की खाली ओढायचा तो, त्याची खुंटी तुटलीय. सारखा नाकावर येतो. रबरबँड लावून वर बांधला. पाहिजे तेव्हा खाली, पाहिजे तेव्हा वर. कंपनीला सुचलं नसतं.

लेक कॉलेजातून आली, गाडीत डोकावली आणि म्हणाली, बाबा, आजीला आधीच कमी दिसतं, त्यात काळ्या जाळ्या? तिला म्हटलं, थंडावा महत्त्वाचा. तिने कानात ते हेडफोनचे बोंडके घातले. ही पिढी ऐकूनच घेत नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ

पाचला निघायचं ठरलं होतं. आत्ता निघतोय. उशीर बायकांमुळे. म्हणजे त्या पाचला तयार होत्या, पण डिकीत सामान मी लावलेलं नव्हतं, आणि मी लावत असताना सगळ्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कुणी बघत असलं की मला लावता येत नाही.

तरी चिंता नाही. अंधार पडायच्या आत तिथे. आज सहाची संध्याकाळ, मग सातची, मग आठची. तीन संधी. मी तर म्हणतो पहिल्याच दिवशी काम उरकू आणि दोन दिवस आरामात शहर बघू.

दुपारी दीड

हायवे सोडला. टोल नाका दिसताच डावीकडे वळलो. हिने विचारलं, हा कुठला रस्ता? आतला रस्ता, म्हटलं. जुन्या काळी व्यापारी याच रस्त्याने बंदरावर जात. हे मला नक्की माहीत नाही, पण जात असणार.

रस्त्याचं काम चालू आहे. खडी. समोर एक रोलर, त्याच्या मागे आम्ही. ओव्हरटेक करता येत नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर. कुणाला सांगितलं नाही.

सासूबाई मधूनच किती वाजले विचारतात. अजून किती लांब, हे एकदाही विचारलं नाही. तेच जास्त टोचतंय.

साडेचार

काटा लाल पट्टीला टेकला. झाडाखाली थांबलोय. पाणी ओतलं. ते खालून बाहेर आलं. पाइपला रुमाल बांधला, त्यावर लेकीच्या केसांचं रबर. लेक म्हणाली, हायवेने आलो असतो तर आत्ता शहरात चहा पीत असतो. मी संकल्पानुसार चिडलो नाही. फक्त थोडं मोठ्याने बोललो.

ब्रेड, जॅम, उकडलेली अंडी. सासूबाईंनी खाल्लं नाही. भूक नाही म्हणाल्या. जाळीला नाक लावून उन्हाची तिरीप कुठवर आलीय ते बघत होत्या.

सव्वासहा

रेल्वे फाटक. बंद. शहर पलीकडे, तटाच्या भिंती दिसतायत. मालगाडी आहे, संपतच नाही. डब्यांच्या फटीतून सूर्य लाल होताना दिसतोय. 

साडेसहा

गेला.

मी वातावरण हलकं करायला म्हणालो, आई, बघा, सूर्यास्त तर दिसलाच, तोही फुकट. सासूबाई हो म्हणाल्या. मालगाडीकडे तोंड करून बसल्या होत्या. लेकीने मागून आरशात माझ्याकडे पाहिलं. मी आरसा थोडा वळवला.

७ फेब्रुवारी, सकाळी

लॉज तटाबाहेर, टायरच्या दुकानावर. स्वच्छ आहे. म्हणजे खालच्या दुकानाच्या मानाने. खिडकीतून टायर दिसतात. समुद्राचा आवाज येतो असं मला वाटलं होतं, ती हवा भरायची मशीन निघाली.

मॅनेजरने विचारलं, गाईड पाहिजे का? मी हसलो. इतिहासाचं पुस्तक मी घरूनच वाचून आलोय. म्हणजे अर्धं.

आज बेत असा. सकाळी मी सगळ्यांना शहर दाखवणार. संध्याकाळी उजेड. लेक म्हणते, मोबाइलवर गल्ली सापडली, इथून पायी पंधरा मिनिटं. मोबाइलच्या नकाशावर मी विश्वास ठेवत नाही. त्याने एकदा मला थेट एका लग्नात नेऊन सोडलं होतं.

दुपारी

सकाळ उत्तम. तटाच्या आत लाल दगडाची घरं, अरुंद गल्ल्या, वर लाकडी सज्जे. मी पुढे, बाकीच्या मागे. एका मोठ्या इमारतीसमोर दोन तोफा होत्या. तिथे थांबून मी सविस्तर माहिती दिली. हा गव्हर्नरचा बंगला. याच जिन्यावरून तो खाली यायचा. खिडक्या एवढ्या लहान का, तर शत्रूची भीती. भिंती एवढ्या जाड का, तीच भीती. दोन परदेशी प्रवासी पण येऊन ऐकू लागले. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या, दर वाक्याला हो का, हो का. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं एवढं ऐकून घेतलं.

जेवताना लेक म्हणाली, बाबा, ते बर्फाचं गोदाम होतं. जहाजांवरचा बर्फ तिथे ठेवायचे. भिंती म्हणून जाड. आजी शाळेतून येताना दाराच्या फटीला जीभ लावायची, त्यावरून मार खाल्लाय तिने. मी सासूबाईंना म्हणालो, आई, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही इतकं छान सांगत होतात.

म्हातारपणी आठवणींचा गोंधळ होतो. गोदाम नंतर झालं असेल, आधी गव्हर्नरच राहत असणार. विषय वाढवला नाही.

एक मात्र मनात राहिलं. त्या या शहरात बारा वर्षं राहिल्या आणि मी सकाळभर त्यांना शहर दाखवत होतो. असो. नव्या नजरेनेही बघायला हवं.

संध्याकाळी साडेपाच

ही म्हणते, सरळ गल्लीत जाऊन उभं राहू. पण तिथे गर्दी असणार, सासूबाईंना धक्के लागणार. मी त्याहून सरस जागा हेरलीय. तटाच्या टोकाला बुरूज आहे, पायऱ्या कमी, तिकीट नाही. तिथून सूर्य, समुद्र, कमान, गल्ली, सगळं एकदम दिसेल. सासूबाईंनी विचारलं, त्या बुरुजावरून? मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

लेकीने मला बाजूला घेऊन विचारलं की नक्की ना. मी म्हणालो, समुद्राकडे सूर्य मावळतो हे शाळेपासून माहीत आहे.

सात

काय झालं ते लिहितो.

हे शहर जमिनीच्या जिभेवर बांधलंय. समुद्र दोन्ही बाजूंनी. हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. आम्ही ज्या समुद्राकडे तोंड करून बसलो होतो तो पूर्वेचा. बराच वेळ पाणी राखाडी होत गेलं. मी म्हणत होतो, आता बघा, आता बघा. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, जावईबापू, पाठीला ऊन लागतंय हो. मागे वळलो तर छपरांच्या वर नुसता तांबूस पट्टा उरला होता.

बुरुजावरून उतरताना मी त्यांचा हात धरला होता. पायरी दिसत नाही म्हणून त्या पाय आधी चाचपडून ठेवत होत्या. सकाळी एवढ्या चाचपडत नव्हत्या. की मीच पाहिलं नव्हतं?

खोलीवर आल्यावर मी म्हणालो, अगदीच उद्या नाही जमलं तर नोव्हेंबर आहेच. ही बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. पाण्याची केवढी नासाडी, असं म्हणायला दारापर्यंत गेलो होतो. परत आलो.

८ फेब्रुवारी, सकाळी

झोप नाही. खरं लिहायचं तर भीती वाटतेय. आज शेवटचा दिवस.

हिने सकाळी सांगितलं, शांतपणे सांगितलं आणि तेच वाईट, की आज तुम्ही आला नाहीत तरी चालेल, आम्ही तिघी चालत जातो. मी म्हणालो, गाडी असताना आई चालणार? मग मी आणलं कशाला? ती म्हणाली, हेच विचारतेय.

मला या बाईचं काही कळत नाही. मी काय माझ्यासाठी करतोय? मला एकदाच ऐकायचंय, सासूबाई विमानरावाला फोनवर सांगतायत की जावयाने दाखवलं. एवढं एकच वाक्य. त्यासाठी मी रुमाल बांधलेल्या रेडिएटरवर डोंगर उतरलो.

आजचे संकल्प: चारला निघायचं. त्यांना गल्लीच्या तोंडाशी उतरवायचं, अगदी दारात. मग गाडी तटाबाहेर फुकटच्या जागेत लावून मी धावत परत. धावायचा सराव नाही पण अंतर कमी आहे.

दुपारी चार

निघालो. काटा मधल्या रेघेवर. आभाळ स्वच्छ. ही पुढे न बसता मागे बसली, आईजवळ. पुढची सीट रिकामी.

गाडी सुरू व्हायला कुरकुरली. रात्री डिकी अर्धवट उघडी राहिली होती, ब्रेडला हवा लागावी म्हणून मीच ठेवली होती, आतला दिवा जळत राहिला. पण झाली सुरू.

पावणेपाच

वन-वे. सगळीकडे वन-वे. बर्फाच्या गोदामावरून (गव्हर्नरच्या बंगल्यावरून) तिसऱ्यांदा आलोय. तोफांपाशी तेच परदेशी प्रवासी उभे, त्यांनी हात केला. लेक डावीकडे म्हणते. मी उजवीकडे घेतलं, कारण डावीकडे गेलो की पार्किंगच्या पावतीवाला उभा आहे.

साडेपाच

अडकलोय. पुढे टेम्पो, माल उतरवतायत. इंजिन बंद ठेवलंय, तापू नये म्हणून. सासूबाईंनी जाळीचा कोपरा नखाने सोडवलाय आणि एक डोळा तिथे लावलाय. ऊन भिंतींच्या वरच्या अर्ध्यावर चढलंय. म्हणाल्या, आम्ही या वेळी अभ्यास आवरायचो. मी म्हणालो, वेळ आहे आई.

ही म्हणतेय आम्ही उतरतो. मी म्हणतोय एक मिनिट. सहा वाजून गेले. टेम्पो हलला. लिहिणं बंद.

आठ वाजता, खोलीवर

आजचा वृत्तांत. शांत डोक्याने लिहितोय.

टेम्पो हलल्यावर गाडी सुरू केली. झालीच नाही. किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज. बॅटरी गेली. म्हणजे मेकॅनिकने दिवस भरलेली बॅटरी मला तशीच नेऊ दिली, याला काय म्हणावं. पण दैव बघा, टेम्पो हटल्यावर दिसलं, आम्ही बरोबर त्या गल्लीच्या तोंडाशी होतो. समोर सरळ गल्ली आणि टोकाला कमान. मी म्हटलं होतं ना, दारात उतरवीन. उतरवलं.

पण गाडी रस्त्याच्या मधोमध. मागे हॉर्न. ट्रॅफिक हवालदार शिट्टी मारत आला, म्हणाला, आत ढकला, गल्ली मोकळी करा, कमानीच्या अलीकडे चौक आहे तिथे लावा. मग ठरलं की ढकलायचं. स्टिअरिंगवर कोण? मीच. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढतं, ते मलाच माहीत आहे. ही, लेक, हवालदार आणि एक फळवाला ढकलायला. सासूबाईंना उतरवून मागे, भिंतीपाशी उभं केलं.

गाडी हलली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दारं, पायऱ्या, कुंड्या. आरसा घासतोय की काय अशी धाकधूक. अशा वेळी माणसाला समोरचं स्वच्छ दिसायला नको? तर नेमकं तेव्हाच समोरून डोळ्यांवर भयंकर ऊन आलं. काचेवर सगळी धूळ चमकायला लागली. मला काही म्हणजे काही दिसेना. रबरबँड तोडला आणि वायझर खाली ओढला. वरून हातही धरला. खालच्या फटीतून फक्त बॉनेट आणि दोन हात रस्ता दिसत होता, तेवढ्यावर गाडी सांभाळली. हे सोपं नाही.

आणि त्याच क्षणी मागून ढकलणं बंद!

गाडी थांबली. मी ओरडलो, ढकला. कुणी उत्तर देईना. खिडकीतून हात काढून हलवला, ढकला, ढकला, थांबलात का? हॉर्न दाबला तर कोंबडीच्या पिल्लाएवढा आवाज आला. मागे एवढी माणसं, एक शब्द नाही. हवालदाराची शिट्टीही बंद. वरच्या खिडक्या मात्र उघडल्याचे आवाज येत होते, लोकांना तमाशा बघायला बोलवावं लागत नाही. मी एकटा ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो, गाडी मागे गेली तर सासूबाई मागे उभ्या आहेत या एकाच विचाराने. पोटरीला गोळा आला. अशी कितीतरी मिनिटं. मग ऊन एकदाचं गेलं आणि लगेच मागून धक्का बसला. आपल्या लोकांना शिस्त नाही हेच खरं.

चौकात गाडी लावली, घाम पुसला, धावत परत आलो. बघतो तर गल्ली राखाडी. साध्या भिंती. उजेड नाही काही नाही. मला भडभडून आलं. तीन दिवस, एवढा प्रवास, आणि शेवटी आभाळानेच दगा दिला.

तिघी भिंतीपाशी उभ्या होत्या. हिचे डोळे लाल. लेकही नाक ओढत होती, तिला मी पाचवीनंतर रडताना पाहिलेलं नाही. मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, बाबा, झाला. आजीने पाहिला.

मी समोरच बसलो होतो. तोंड थेट कमानीकडे. मला दिसला नाही, म्हणजे झाला नसणार. तिघींनी मिळून एकमेकींची समजूत घातलीय हे उघड आहे. हरकत नाही. त्यांचं समाधान मोडायला मी एवढा वाईट नाही. छान, म्हणालो.

सासूबाईंनी माझा दंड धरला आणि चालायला लागल्या. चौकापर्यंत तसाच धरून ठेवला होता.

९ फेब्रुवारी

परतीचा प्रवास. नवी बॅटरी. हायवेने आलो, टोल हिने आपल्या पर्समधून भरला आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. रस्ता गुळगुळीत आहे, मान्य. पण त्यात मजा नाही.

सासूबाई जाळी काढलेल्या काचेजवळ बसून बाहेर बघत होत्या. झाडं, पाट्या, गुरं, जे येईल ते. एकदाही डोळा मिटला नाही.

मनातल्या मनात ठरवलं. नोव्हेंबरात परत. तेव्हा वेळेत. बुकिंग आधी. त्यांना खराखुरा उजेड दाखवीनच. कुणाला अजून सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढल्यावर बघू. विमानराव आलाय, अर्थात विमानाने. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसला. मी त्याला आतल्या रस्त्याचे फायदे सांगितले.

१६ फेब्रुवारी, दुपारी

पट्टी काढली.

उजेड आणि अंधार कळतो. खिडकी कुठे आहे ते बोटाने दाखवतात. माणूस समोर आला तर कुणीतरी आलं एवढं समजतं. चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस वाट बघू. पण हे ते कागदाकडे बघत म्हणाले.

ही बाहेर गेली. विमानराव तिच्या मागे गेला. खोलीत मी आणि सासूबाई. मी नोव्हेंबरचा बेत सांगितला. आई, काळजी करू नका, तोवर सुधारेल, त्या दिवशी तो उजेड काही झाला नाही, पण नोव्हेंबरात मी स्वतः.

त्या हसल्या. म्हणाल्या, झाला नाही कसा? तुम्ही ढकला ढकला म्हणून ओरडत होतात ना, तेव्हाच तर. हवालदारानेसुद्धा टोपी काढली. तुमच्या लेकीला तुम्हाला हाक मारायची होती, मीच अडवलं. म्हटलं, असू दे, त्यांनी एवढी गाडी चालवली, सगळ्यात पुढची जागा त्यांचीच, शांतपणे बघू दे त्यांना. मी काय, लहानपणापासून गल्लीतूनच बघायची. कमानीच्या तोंडाशी त्या वेळी आम्हाला कुणी जाऊ द्यायचं नाही, पोरं समुद्रात पडतील म्हणून. मला कायम वाटायचं, समोरून कसा दिसत असेल.

मग म्हणाल्या, सांगा ना जावईबापू. समोरून कसा होता?

गव्हर्नरच्या बंगल्यावर मी अर्धा तास बोललो होतो. इथे दोनच शब्द. छान होता, म्हणालो. त्या वाट बघत राहिल्या. चेहरा माझ्याकडे, पण जरासा चुकून, खांद्याकडे. मी म्हणालो, पिवळा होता. पिवळाधमक.

मग म्हणाल्या, पिवळा का? असेल. समोरून पिवळा दिसत असेल. आणि माझा हात चाचपडून शोधला आणि थोपटला.

बाहेर लेक बाकावर होती. तिच्याकडे त्या दिवशीचा फोटो मागितला. तिने मोबाइल दिला. गल्ली गुलाबी. भिंती, पायऱ्या, कुंड्या, वरच्या खिडक्यांतली माणसं, सगळं एकाच रंगाचं. कडेला सासूबाई, काठी सोडून, दोन्ही हात पुढे पसरून. मधोमध आमची गाडी, पाठमोरी, आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर आलेला, चिडून हलवलेला एक हात. तोही गुलाबी.

माझाच हात. घड्याळावरून ओळखला.

आतून सासूबाईंचा आवाज येत होता. विमानरावाला सांगत होत्या, जावयाने दाखवलं.

तीन वाजता

गाडीत येऊन बसलोय. दवाखान्याच्या आवारात, इथे पार्किंग फुकट आहे. वायझर खालीच होता, आठ तारखेपासून तसाच. वर केला. खुंटी नाही, रबरबँड तुटलाय, पुन्हा खाली आला. पुन्हा वर केला. राहत नाही. शेवटी डाव्या हाताने वर धरून बसलोय आणि उजव्याने हे लिहितोय. समोर दवाखान्याची भिंत आहे. तिच्यावर ऊन पडलंय.